बास किती इंचांचा ठेवायचा? आधी पाणी कुठलं ते पाहा

डॅलसच्या पूर्वेला गाडीने साधारण दीड तासावर लेक फोर्क नावाचा जलाशय आहे. तिथे तुमच्या गळाला १७ इंचांचा लार्जमाउथ बास लागला, तर तो लगेच पाण्यात सोडावा लागतो. १५ इंचांचा लागला, तर खुशाल घरी न्या. टेक्सासातल्या बहुतेक इतर तळ्यांवर हे दोन्ही मासे ठेवता येतात. १३ इंचांचा मात्र त्या तळ्यांवर चालत नाही आणि लेक फोर्कवर चालतो. राज्य एक, मासा एक, आणि तरी नियम वेगळे.

डॅलस, ह्यूस्टन, न्यू जर्सीकडची बरीच मराठी मंडळी वसंत ऋतू लागला की मुलांना घेऊन तळ्यावर जाऊ लागतात. नवी काठी, नवं रीळ, डबीभर गांडुळं, सगळी तयारी होते. मग कुणीतरी विचारतं, ‘किती इंचांचा ठेवता येतो?’ आणि शेजारचा एक आकडा सांगून मोकळा होतो. तो आकडा त्याच्या तळ्यावर बरोबर असतो, तुमच्या तळ्यावर असेलच असं नाही. लांबीची मर्यादा त्या त्या पाण्याची प्रकृती पाहून ठरवलेली असते. म्हणून गळ टाकण्याआधी दोन गोष्टी वाचायच्या: राज्याची त्या वर्षाची नियमपुस्तिका आणि धक्क्यावर लावलेली त्या तळ्याची पाटी. पाटीवरचा खास नियम राज्याच्या सर्वसाधारण नियमाच्या वर असतो.

त्याआधी मासा ओळखता आला पाहिजे. अमेरिकेत गोड्या पाण्यातल्या ज्या बासबद्दल एवढं बोललं जातं तो ब्लॅक बास, सनफिशच्या कुळातला. आपल्या जिताड्याशी त्याचं नातं नाही. त्यात लार्जमाउथ, स्मॉलमाउथ, स्पॉटेड असे प्रकार, आणि टेक्सासच्या हिल कंट्रीतल्या वाहत्या नद्यांमधला ग्वाडालूप बास, जो त्या राज्याचा अधिकृत मासा आहे. माशाचं तोंड मिटा आणि वरचा जबडा कुठपर्यंत जातो ते पाहा. डोळ्याच्या मागच्या कडेच्या पलीकडे गेला, तर लार्जमाउथ. स्मॉलमाउथचा जबडा डोळ्याखालीच संपतो, अंग पितळी झाक असलेलं आणि त्यावर उभे पट्टे. स्पॉटेड बास दिसायला लार्जमाउथसारखाच, कुशीवर तसाच काळपट आडवा पट्टा. पण जबडा आखूड, आणि जिभेवर बोट फिरवलं की दातांचा खरखरीत ठिपका लागतो.

ही ओळख पटवण्यावर बरंच काही अवलंबून आहे. टेक्सासच्या सर्वसाधारण नियमाप्रमाणे लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ किमान १४ इंचांचे हवेत. स्पॉटेड आणि ग्वाडालूपला किमान लांबीची अट नाही. आणि हे सगळे मिळून माणशी दिवसाला पाच. त्याच तळ्यात व्हाइट बासही असतो. तो निराळ्या कुळातला, त्याला किमान १० इंच आणि दिवसाला २५. न्यू जर्सीत किनाऱ्यालगत आणि डेलावेअर नदीत येणारा स्ट्राइप्ड बास आणखी वेगळा: २०२३ पासून २८ ते ३१ इंचांच्या दरम्यानचा, दिवसाला एकच. नावात बास आहे म्हणून एकाचा नियम दुसऱ्याला लावला की दंड ठरलेला. जात नक्की कळत नसेल, तर मासा सोडून द्या. म्हणजे तुम्ही सुरक्षित बाजूला राहता.

आता मर्यादांचे प्रकार. सगळ्यांत ओळखीचा म्हणजे किमान लांबी. न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीत सर्वसाधारणपणे १२ इंच, म्हणजे सुमारे साडेतीस सेंटिमीटर. टेक्सासात १४ इंच, म्हणजे साडेपस्तीस. टेक्सासने ही मर्यादा १९८६ साली राज्यभर लागू केली. हेतू सरळ आहे: माशाला निदान एकदा तरी वीण घालू द्या, मग न्या. उबदार पाण्यात बास झपाट्याने वाढतो, दोन-तीन वर्षांत १४ इंचांच्या आसपास जातो. उत्तरेकडच्या थंड पाण्यात तेवढं व्हायला बरीच अधिक वर्षं लागतात. म्हणून एकाच लांबीचे दोन मासे एकाच वयाचे असतीलच असं नाही, आणि प्रत्येक राज्याचा आकडा त्याच्या पाण्याप्रमाणे बसवलेला असतो.

दुसरा प्रकार स्लॉट. यात मधल्या मापाचे मासे राखायचे आणि लहान किंवा फार मोठे न्यायचे. लेक फोर्कचा स्लॉट १६ ते २४ इंचांचा आहे. १६ किंवा त्याहून कमी चालतो, २४ किंवा त्याहून अधिक चालतो, मधला नाही. आणि २४ च्या वरचा दिवसाला एकच. नवख्याला हे उलटं वाटतं. पिल्लं न्यायची आणि मोठे सोडायचे?

यामागचं कारण नीट समजून घ्यावं. तळ्यात खाणं मोजकंच असतं. वीण चांगली झाली, की आठ-दहा इंचांच्या बासची गर्दी होते. सगळे त्याच लहान माशांवर तुटून पडतात आणि कुणाचंच पोट भरत नाही. मग वर्षानुवर्षं तेवढेच राहतात. अंगाने रोडावलेले, डोकं मोठं, पोट खपाटीला गेलेलं. अशा पाण्यात किमान लांबीचा नियम लावला, तर गर्दी आणखी वाढते. तिथे लहानांमधले काही बाहेर काढले, तर उरलेले भराभर वाढतात. मधल्या मापाच्या, भरपूर अंडी देणाऱ्या माद्या राखल्या, तर वीण चालू राहते आणि त्यांतल्याच काही पुढे खूप मोठ्या होतात. मोठा बास बहुतेक वेळा मादी असतो. नर तेवढे वाढत नाहीत.

लेक फोर्कवर हे दिसून आलं. १९८० च्या सुमारास हा जलाशय तयार झाला, तेव्हा त्यात फ्लोरिडाच्या जातीचे, मोठं अंग धरणारे बास सोडले आणि सुरुवातीपासून कडक नियम लावले. १९८६ च्या नोव्हेंबरात तिथे १७.६७ पौंडांची मादी मिळाली, जिचं नाव एथेल पडलं. तिच्यापासून टेक्सासची शेअरलंकर योजना सुरू झाली: १३ पौंड किंवा त्याहून जड बास हंगामात जिवंत खात्याच्या हवाली करायचा, त्याच्यापासून पैदास करून पिल्लं पुन्हा राज्यातल्या जलाशयांत सोडली जातात. जानेवारी १९९२ मध्ये बॅरी सेंट क्लेअर यांनी लेक फोर्कवरच १८.१८ पौंडांचा, म्हणजे सव्वाआठ किलोंचा बास काढला. टेक्सासचा तो विक्रम आहे.

माझं यावर ठाम मत आहे. स्लॉट असलेल्या तळ्यावर लहान मासे नेण्याची मुभा ही सवलत म्हणून वाचू नका. तळ्याची ती गरज आहे. अमेरिकी हौशी मासेमारांत पकडलेला प्रत्येक बास सोडून देण्याची रीत फार रुजली आहे. रे स्कॉट यांनी १९७२ पासून आपल्या बास स्पर्धांमध्ये मासे जिवंत सोडायला लावले, त्यातून ती पसरली आणि तिने पुष्कळ भलं केलं. पण स्लॉटच्या पाण्यात कुणीच लहान मासा नेला नाही, तर स्लॉटचं काम अर्धवट राहतं. आपण मासे खाणारी माणसं. १३-१४ इंचांचे चार बास लेक फोर्कवरून घरी आणताना शेजारच्या होडीतल्याने नाक मुरडलं, तरी संकोच करायचं कारण नाही.

तिसरा प्रकार कमाल मर्यादेचा. फ्लोरिडाने १ जुलै २०१६ पासून राज्यभर असा नियम केला: दिवसाला पाच ब्लॅक बास, त्यांपैकी १६ इंच किंवा अधिक लांबीचा एकच. लार्जमाउथला किमान लांबी नाही. मात्र शोल, सुवानी, स्पॉटेड आणि चॉक्टॉ या जातींना १२ इंच किमान आहे. टेक्सासातल्या काही तळ्यांवरही १६ इंचांपेक्षा मोठा बास ठेवताच येत नाही. कॅडो, टोलेडो बेंड, टेक्सोमा यांसारख्या दोन राज्यांच्या सीमेवरच्या जलाशयांना स्वतःचे नियम आहेत. तिथे जाणार असाल, तर परवाना कुठल्या राज्याचा चालतो इथपासून सगळं वेगळं वाचावं लागतं.

आता मोजणं. इथे चूक झाली की दंड होतो, आणि तोही प्रामाणिक माणसाला.

लांबी म्हणजे एकूण लांबी: नाकाच्या टोकापासून शेपटीच्या शेवटच्या टोकापर्यंतची सरळ रेघ. साधन म्हणून एका टोकाला उभी आडकाठी असलेली फळी घ्या. बंप बोर्ड म्हणून ती दुकानात मिळते. शिंप्याची टेप नको, कारण ती माशाच्या फुगीर पोटावरून वळते आणि लांबी जास्त दाखवते. फळी आधी पाण्याने ओली करा. उन्हात तापलेल्या कोरड्या फळीवर माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो, आणि सोडल्यावर त्याच जागी बुरशी धरते. हात ओले करा. मासा कुशीवर आडवा ठेवा, नाक आडकाठीला टेकवा, तोंड बोटाने मिटा. मग दुसऱ्या हाताने शेपटीची दोन्ही टोकं चिमटीत धरून एकत्र आणा, आणि सगळ्यात लांब टोक कुठे पोहोचतं ते डोळा बरोबर त्याच्या वर नेऊन वाचा.

त्या चिमटीचा फरक पाव ते अर्ध्या इंचाचा पडतो. १४ इंचांच्या तळ्यावर तो तुमच्या बाजूने जातो: शेपटी पसरलेली असताना पावणेचौदा दिसणारा मासा चिमटीत धरल्यावर १४ ची रेघ गाठू शकतो. लेक फोर्कवर तोच फरक उलटा बसतो. शेपटी सैल ठेवून पावणेसोळा वाचला, पेटीत टाकला. धक्क्यावर तपासणीला आलेल्या वॉर्डनने चिमटी धरून मोजला तर सव्वासोळा. म्हणजे मासा स्लॉटमध्ये, आणि तिकीट तुमच्या हातात. माप नेहमी तो मोजेल तसंच घ्या, म्हणजे तोंड मिटून आणि शेपटी चिमटीत धरून.

आणखी एक बारकावा. बर्फात ठेवलेला मासा किंचित आखडतो. सकाळी बरोबर १४ असलेला दुपारी रेघेच्या अलीकडे येऊ शकतो, आणि वॉर्डन दुपारचं माप धरतो. दोनदा मोजून शंका राहिली, तर सोडा. ‘जवळजवळ १४’ असं माप कायद्यात नाही.

न बसणारा मासा तत्काळ सोडायचा असतो. ‘आत्ता पेटीत असू दे, मोठा मिळाला की हा सोडू’ हे चालत नाही. होडीतल्या पाण्याच्या पेटीत गेला, की तो तुम्ही ठेवलेला मासा. मापाचे मासे नंतर अदलाबदल करता येतात का, याचे नियम राज्याराज्यांत निरनिराळे आहेत. खरी कठीण वेळ येते, ती लहान माशाने गळ पार आत गिळला आणि कल्ल्यांतून रक्त येऊ लागलं की. मरणारच आहे, मग वाया का घालवा, असं मनात येतं. तरीही तो परत पाण्यातच जातो. असे मासे ठेवायला परवानगी दिली, तर प्रत्येक लहान मासा ‘मरत होता’ असं सांगितलं जाईल. गळ घशात रुतला असेल, तर ओढू नका. तंगूस तोंडाजवळ कापा. असे बरेच मासे जगतात. गांडूळ लावून काठी टेकवून गप्पा मारत बसलं, की गळ खोल जातो. म्हणून काठी हातात ठेवा आणि झटका लागताच ओढा.

हंगामाचा नियम दक्षिणेकडून ईशान्येकडे राहायला गेलेल्यांच्या ध्यानात येत नाही. टेक्सासात बास वर्षभर पकडता येतो. न्यू यॉर्कमध्ये ठेवण्याचा हंगाम १५ जून ते ३० नोव्हेंबर; उरलेल्या काळात फक्त कृत्रिम आमिषाने पकडायचा आणि सोडायचा. न्यू जर्सीत १५ एप्रिल ते १५ जून या काळात लांबी कितीही असो, प्रत्येक बास सोडावा लागतो. कोकणात जून-जुलैमध्ये होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, ते ज्या कारणासाठी, तेच इथेही: विणीचे दिवस.

बासच्या बाबतीत त्यात एक वेगळी गोष्ट आहे. पाणी साधारण १५-१८ अंश सेल्सिअसवर आलं, की नर उथळ पाण्यात शेपटीने गाळ झाडून दोन-तीन फुटांची गोल जागा साफ करतो. काठावर उभं राहून खाली पाहिलं, तर गढूळ तळावर तो फिकट गोल स्वच्छ दिसतो आणि त्याच्यावर एकच मासा घिरट्या घालताना दिसतो. मादी अंडी घालून निघून जाते. नर मागे राहतो. पर हलवून अंड्यांवरून पाणी खेळतं ठेवतो, जवळ येणाऱ्यावर धावून जातो, पिल्लं पोहू लागल्यावरही काही काळ त्यांच्याभोवती राहतो. या दिवसांत तो भुकेपेक्षा रागाने गळ धरतो, म्हणून सहज सापडतो. त्याला वर काढलं, की आसपास टपलेले ब्लूगिल काही मिनिटांत घरट्यात घुसतात. तुम्ही तो सोडलात तरी तेवढ्यात अंडी गेलेली असू शकतात. कायद्याने बंदी नसलेल्या राज्यातही, घरट्यावरचा मासा डोळ्यांनी दिसत असेल तर तिथे गळ टाकू नये, असं माझं मागणं आहे.

संख्येचं थोडक्यात. दिवसाची मर्यादा माणशी असते, कुटुंबाची एकत्र नसते. बाबांनी आठ पकडले आणि मुलाने दोन, म्हणून ‘दोघांचे मिळून दहा’ असा हिशेब करू नका. ज्याने पकडले त्याचे मोजले जातात. ताब्यात ठेवण्याची मर्यादा वेगळी असते, टेक्सासात ती दिवसाच्या दुप्पट. बास काठी आणि गळानेच धरायचा. टेक्सासात त्याच्यावर पाग टाकणं बेकायदा आहे. पकडलेला बास आमिष म्हणून वापरायचा नाही, एका तळ्यातला जिवंत मासा दुसऱ्या तळ्यात सोडायचा नाही. टेक्सासात झेब्रा शिंपल्यांचा फैलाव रोखण्यासाठी होडी तळ्यावरून हलवताना पेटीतलं आणि तळाचं पाणी काढून टाकणं २०१४ पासून सक्तीचं आहे.

परवान्याबद्दल एका प्रश्नावर नेहमी घोटाळा होतो: भारतातून आलेले आई-बाबा. ते नुसते खुर्ची टाकून बसले तर काही नको. पण तुम्ही डबा उघडताना पाच मिनिटं काठी त्यांच्या हातात दिलीत, तर कायद्याच्या दृष्टीने ते मासेमारी करताहेत आणि परवाना त्यांचाही हवा, तोही परराज्यातल्यांचा. एका दिवसाचा परवाना बहुतेक राज्यांत फोनवरच काढता येतो. टेक्सासात सोपा मार्ग आहे: राज्य उद्यानांच्या हद्दीत काठावरून मासेमारीला परवानाच लागत नाही. लांबीचे आणि संख्येचे नियम मात्र तिथेही लागू. टेक्सासात १७ वर्षांखालच्या, फ्लोरिडा, न्यू जर्सी आणि न्यू यॉर्कमध्ये १६ वर्षांखालच्या मुलांना परवाना नको. टेक्सासचं परवान्याचं वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं आणि नवे नियमही त्याच सुमारास येतात, म्हणून गेल्या उन्हाळ्यातली माहिती ऑक्टोबरात वापरू नका.

वॉर्डन आला तर घाबरू नका. परवाना, मासे आणि मोजपट्टी पुढे करा. त्याला पेटी पाहण्याचा अधिकार असतो. तिकीट मिळालं, तर मुदतीत उत्तर द्या. दुर्लक्ष केलं, तर साध्या दंडाचं वॉरंट होऊ शकतं, आणि व्हिसावर असलेल्यांना ते अंगावर घेणं परवडत नाही. एका राज्यात परवाना निलंबित झाला, तर दुसरीकडचा हक्कही जाऊ शकतो, कारण बहुतेक राज्यं एका समान कराराने बांधलेली आहेत.

राहिलं खाण्याचं. मासे तळ्यावर साफ करून तुकड्या करून न्यायची आपली सवय इथे अडचणीत आणते. लांबीची अट असलेल्या माशाचं डोकं आणि शेपटी घरी पोहोचेपर्यंत जागेवर हवी, नाहीतर मोजणार काय? बर्फात अख्खा न्या, ओट्यावर कापा. खवले काढून, मीठ-हळद लावून ठेवला, की कालवणाला आणि तळायलाही हा मासा चांगला लागतो. मांस पांढरं, घट्ट, काटे मोजके.

पण मोठ्या बासचा मोह इथेही आवरा. बास हा दुसरे मासे खाणारा मासा, आणि त्या माशांच्या अंगातला पारा त्याच्या मांसात साठत जातो. मासा जितका मोठा आणि वयस्क, तितका पारा अधिक. तो शिजवून जात नाही, कातडी काढूनही जात नाही, कारण तो मांसातच असतो. घरात गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई असेल, लहान मुलं असतील, तर मापात बसणारा लहान बासच निवडा. राज्याचं आरोग्य खातं किंवा पर्यावरण खातं तळ्यानुसार सल्ल्याची यादी काढतं. कुठल्या पाण्यातला कुठला मासा महिन्यात किती वेळा खावा, हे त्यात लिहिलेलं असतं. परवाना काढाल त्याच दिवशी त्या यादीत तुमच्या तळ्याचं नाव शोधा. काही तळ्यांपुढे बास अजिबात खाऊ नये असंच लिहिलेलं सापडेल. तिथे गळ जरूर टाका, फोटो काढा आणि मासा सोडून द्या.